पैसे दिले, डिस्क घरी आली, तरी पात्रं कुलपातच! 'ऑन-डिस्क डीएलसी' म्हणजे नेमकं काय?

मार्च २०१२. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' हा फायटिंग गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी बाजारात आला. नावातल्या 'एक्स'चा उच्चार करायचा 'क्रॉस'. स्ट्रीट फायटर आणि टेकन या दोन गाजलेल्या मालिकांमधले लढवय्ये एकमेकांसमोर उभे राहणार, म्हणून चाहत्यांना मोठी उत्सुकता होती. अमेरिकेत डिस्कची किंमत होती ६० डॉलर.

गेम हातात पडताच काही उत्साही मंडळींनी तो नुसता खेळला नाही, तर डिस्कवरच्या फायली उघडून पाहिल्या. तिथे त्यांना गेमच्या मेन्यूत कुठेही न दिसणारी १२ पात्रं सापडली. ब्लांका, सकुरा, गाय, कोडी, डडली आणि एलेना ही स्ट्रीट फायटरच्या बाजूची, तर लार्स, अलिसा, ब्रायन, क्रिस्टी, जॅक-एक्स आणि लेई ही टेकनच्या बाजूची. ही नुसती नावं नव्हती. बदल केलेल्या कन्सोलवर ही पात्रं चालवून त्यांचे व्हिडिओही लोकांनी टाकले.

म्हणजे पात्रं तयार होती, डिस्कवर होती, डिस्क लोकांच्या घरात होती. पण ती खेळता येत नव्हती. ती पुढे वेगळे पैसे घेऊन विकली जाणार होती. आणि तसंच झालं. जुलै २०१२ च्या अखेरीस या १२ पात्रांचा संच सुमारे २० डॉलरला विक्रीला आला. मूळ गेमच्या किमतीचा जवळपास एक तृतीयांश!

गेमिंगच्या जगात या प्रकाराला 'ऑन-डिस्क डीएलसी' म्हणतात. त्यावरून त्या वर्षी जो वाद पेटला, तो वरवर गेमचा होता. त्याच्या मुळाशी मात्र एक साधा प्रश्न होता: आपण एखादी वस्तू विकत घेतो, तेव्हा नेमकं काय विकत घेतो?

आधी समजून घेऊ, डीएलसी म्हणजे काय?

डीएलसी म्हणजे 'डाउनलोडेबल कंटेंट'. मूळ गेम घेतल्यानंतर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा जादा मालमसाला. नवी पात्रं, नवे टप्पे, नवी हत्यारं, नवे पोशाख, कधी कधी कथेचा अख्खा पुढचा भाग.

कन्सोलला इंटरनेट जोडलं गेलं आणि ही विक्री सोपी झाली. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. चिलखताचा उपयोग फारसा नाही, फक्त घोडा रुबाबदार दिसायचा. लोकांनी भरपूर टिंगल केली आणि 'हॉर्स आर्मर' हा शब्द फुकटच्या उकळाउकळीला पर्याय म्हणून रूढ झाला. पण कंपन्यांना कळायचं ते कळलं. लहानसहान गोष्टीही वेगळ्या विकता येतात!

निदान ते चिलखत खरोखर डाउनलोड होत होतं. पुढची पायरी जास्त वादग्रस्त ठरली.

मग 'ऑन-डिस्क' डीएलसी वेगळी कशी?

नाव 'डाउनलोडेबल', पण डाउनलोड करायला काही नाहीच. माल आधीपासून डिस्कवर. आपण ऑनलाइन दुकानात पैसे भरायचे आणि बदल्यात मिळायची एक छोटीशी फाइल, म्हणजे किल्ली. गेम सुरू झाला की तो तपासणार, 'या खात्याकडे किल्ली आहे का?' असेल तर पात्र मेन्यूत दिसणार, नसेल तर ते डिस्कवर असूनही नसल्यासारखंच.

मग याचा सुगावा लागायचा कसा? बहुतेक वेळा फाइलच्या आकारावरून. एका लढवय्याचं त्रिमिती मॉडेल, त्याच्या हालचाली, आवाज, पोशाख, हे सगळं मिळून चांगलं काही एमबी भरतं. ते जर काही केबीत 'डाउनलोड' होत असेल, तर उघड आहे की माल आधीच आपल्याकडे आहे आणि आलीय ती फक्त किल्ली.

मार्च २०१० मध्ये 'बायोशॉक २' या गेमसाठी जादा मजकुराचा एक संच आला. नव्या पात्रांसकट बऱ्याच गोष्टी त्यात होत्या, पण डाउनलोड जेमतेम काही केबींचं. लोकांनी जाब विचारल्यावर प्रकाशक टू-के कंपनीने मान्य केलं की मजकूर डिस्कवरच आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, 'रेसिडेंट ईव्हिल ५' मध्ये खेळाडूंनी एकमेकांशी लढायचा 'व्हर्सस' मोड पाच डॉलरला विकला गेला. त्याचीही फाइल इतकी चिमुकली होती की तेव्हाही असाच गदारोळ झाला. तो गेमही कॅपकॉमचाच.

ही कल्पना नवीन होती का?

अजिबात नाही. १९९६ साली 'आयडी सॉफ्टवेअर'ने आपल्या 'क्वेक' या गेमची एक सीडी दुकानांत आणली. त्यावर क्वेकचा सुरुवातीचा भाग खेळता यायचा. पण त्याच सीडीवर पूर्ण क्वेक आणि कंपनीचे आधीचे गेमही कुलूपबंद ठेवलेले होते. फोन करायचा, पैसे भरायचे, कोड घ्यायचा आणि हवा तो गेम उघडायचा. इंटरनेट हळू होतं, सीडीवर जागा भरपूर होती, म्हणून ही युक्ती. कुलूप मात्र फार टिकलं नाही. ते उघडणारं सॉफ्टवेअर लवकरच लोकांच्या हाती आलं.

पण तेव्हा ग्राहक चिडले नाहीत. का? कारण सीडी स्वस्त होती आणि ती 'नमुना' म्हणूनच विकली जात होती. आत कुलपात काय आहे आणि ते उघडायला काय करायचं, हे कंपनी स्वतःच सांगत होती. २०१२ मध्ये मात्र ग्राहकाने पूर्ण गेमचे पूर्ण पैसे मोजले होते आणि कुलपाचा शोध त्याला स्वतःला लावावा लागला. वादाचं मूळ या फरकात आहे.

कंपन्यांचं म्हणणं काय होतं?

त्यांची बाजू एकदम उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यात चार मुद्दे येतात.

पहिला मुद्दा ऑनलाइन लढतीचा. समजा, तुम्ही ब्लांका विकत घेतलाय आणि मी नाही. आपण दोघं ऑनलाइन लढायला बसलो. तुमचा ब्लांका माझ्या टीव्हीवरही दिसायला हवा. त्यासाठी त्याचं मॉडेल, हालचाली, आवाज माझ्याकडेही असायला हवेत. इंटरनेटवरून फक्त 'त्याने उडी मारली, ठोसा मारला' एवढीच माहिती येते, बाकी चित्र माझं कन्सोल माझ्याकडच्या मालावरून काढतं. तो माल डिस्कवरच असेल तर प्रश्न मिटला. कॅपकॉमनेही हेच कारण दिलं: ज्यांच्याकडे पात्रं आहेत आणि ज्यांच्याकडे नाहीत, त्यांना एकमेकांशी खेळता यावं आणि हार्ड डिस्कवर जागा कमी लागावी. शिवाय एक्सबॉक्स ३६० चं स्वस्त मॉडेल हार्ड डिस्कशिवायच विकलं जात असे, हेही लक्षात घ्यायला हवं.

दुसरा मुद्दा कामाच्या वेळापत्रकाचा. गेम पूर्ण झाला की लगेच दुकानात येत नाही. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आधी त्याची तपासणी करतात, मग डिस्क छापल्या जातात, मग त्या देशोदेशी जातात. यात कित्येक आठवडे जातात. त्याआधीच चित्रकार आणि ॲनिमेटर मंडळींचं मुख्य काम संपलेलं असतं. मग त्यांना जादा मजकुराच्या कामाला लावलं जातं.

तिसरा मुद्दा खर्चाचा. गेम बनवण्याचा खर्च वाढत गेला, पण अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून ६० डॉलरवर थांबली होती. ती ७० डॉलरकडे सरकली ती थेट २०२० च्या सुमारास. मधली तफावत डीएलसीने भरून काढली, असं कंपन्या सांगतात.

चौथा मुद्दा कंपन्या फार मोठ्याने बोलत नसत. तो म्हणजे जुन्या डिस्कचा बाजार. डिस्क दुसऱ्याला विकता येते, मित्राला देता येते. त्यातून कंपनीला काहीच मिळत नाही. पण किल्ली खात्याला बांधलेली असते. डिस्क दुसऱ्याच्या हाती गेली तरी किल्ली जात नाही. नव्या मालकाला नवी किल्ली घ्यावीच लागते. याच काळात ईए कंपनीने 'ऑनलाइन पास' आणला होता. जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायचं असेल तर वेगळे पैसे भरायचे. २०१० मध्ये सुरू झालेली ही पद्धत ग्राहकांच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये ईएने बंद केली.

मग खेळाडू का चिडले?

त्यांचा युक्तिवाद साधा होता. डिस्क छापली त्या दिवशी पात्र तयार होतं, म्हणजे ते मूळ गेमच्या कामाचाच भाग होतं. मग ते मूळ किमतीत का नाही? नवा फ्लॅट घेतला, ताबा मिळाला आणि मग कळलं की एका खोलीला कुलूप आहे, किल्लीचे पैसे वेगळे, तर कसं वाटेल? तसंच हे.

एका ग्राहकाने अमेरिकेतल्या 'बेटर बिझनेस ब्युरो' या संस्थेकडे तक्रार केली. त्यावर कॅपकॉमचं उत्तर असं होतं की मजकूर डिस्कवर कुलपात असो किंवा नंतर पूर्ण डाउनलोड करावा लागो, दोन्हींत प्रत्यक्षात काही फरक नाही, फरक आहे तो फक्त पोहोचवण्याच्या पद्धतीत.

हे उत्तर तर्काला धरून आहे का? एका अर्थी आहे. तीच १२ पात्रं कॅपकॉमने डिस्कवर न टाकता जुलैमध्ये डाउनलोडला दिली असती, तर खेळाडूच्या खिशातून तितकेच पैसे गेले असते आणि आरडाओरडा बराच कमी झाला असता.

पण या उत्तरातून एक गोष्ट निसटते. कामाचं पूर्ण चित्र ग्राहकाला कधीच दिसत नाही. नंतर आलेली डीएलसी खरंच नंतर बनवली की मूळ गेममधून कापून बाजूला ठेवली, हे त्याला कळायला मार्ग नसतो. डिस्कवर सापडलेली पात्रं हा या बाबतीतला दुर्मीळ पुरावा होता. लोकांचा राग १२ पात्रांपुरता नव्हता. आधी ज्याचा फक्त संशय होता ते डोळ्यांसमोर दिसलं, याचा तो राग होता.

सगळंच काळंपांढरं नसतं: 'मास इफेक्ट ३'

योगायोग असा की त्याच मार्च २०१२ मध्ये बायोवेअरचा 'मास इफेक्ट ३' आला. पहिल्याच दिवसापासून 'फ्रॉम ॲशेस' नावाची डीएलसी १० डॉलरला विक्रीला होती. तिच्यात जाविक नावाचं पात्र होतं आणि कथेच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. त्याचा काही भाग डिस्कवर सापडला आणि पुन्हा वणवा पेटला.

बायोवेअरने खुलासा केला: डीएलसीचं डाउनलोड ६०० एमबीहून मोठं आहे. त्यातली मोहीम, संवाद, दृश्यं हे सगळं मुख्य गेम तपासणीला गेल्यावर पूर्ण केलं. पण नवं पात्र कथेत नीट बसावं म्हणून त्याचा सांगाडा आणि मॉडेल आधीच डिस्कवर ठेवणं भाग होतं.

म्हणून 'डिस्कवर सापडलं' एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. ढोबळमानाने चार प्रकार करता येतात:

- सगळा मजकूर डिस्कवर, डाउनलोड फक्त किल्लीचं. उदाहरणार्थ, स्ट्रीट फायटर एक्स टेकनची पात्रं.
- सांगाडा डिस्कवर, बाकी माल डाउनलोड. उदाहरणार्थ, मास इफेक्ट ३ मधला जाविक.
- डिस्कवर काहीच नाही, पण डीएलसी पहिल्याच दिवशी विक्रीला.
- गेम आल्यानंतर काही महिन्यांनी बनवलेली आणि आलेली डीएलसी.

वाद मुख्यतः पहिल्या प्रकाराचा. सोशल मीडियावर मात्र चारही प्रकार एकाच पारड्यात टाकले जातात.

डिस्क माझी आहे, कुलूप मी तोडलं तर?

डिस्क आपली असते, हे खरं. पण तिच्यावरचं सॉफ्टवेअर आपल्याला 'विकलेलं' नसतं, ते वापरण्याचा परवाना दिलेला असतो. बहुतेक गेमच्या करारात हे लिहिलेलं असतं, फक्त तो करार कोणी वाचत नाही!

अमेरिकेत १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा तांत्रिक कुलपं तोडण्यावर बंदी घालतो. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आपल्या कायद्यात हेतूला महत्त्व आहे आणि काही अपवादही आहेत, तरी 'डिस्क माझी म्हणून सगळं माझं' हे कायद्याला मान्य नाही.

पुढे काय झालं?

मे २०१२ मध्ये कॅपकॉमने जाहीर केलं की डिस्कवरच्या मजकुराबद्दलच्या धोरणाचा आपण फेरविचार करतोय. त्याच वर्षी पीएस व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलसाठी याच गेमची आवृत्ती आली, तिच्यात ती १२ पात्रं मूळ किमतीतच होती. आधी घेणाऱ्यांच्या जखमेवर मीठच!

२०१६ मध्ये कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर ५' आला तेव्हा पद्धत बदललेली होती. नवी पात्रं ठराविक काळाने येणार, ती पैसे देऊन घ्या किंवा गेम खेळून मिळवलेल्या 'फाइट मनी'ने घ्या. लढतीसाठी लागणारा माल सगळ्यांना मोफत अपडेटमधून मिळायचा. म्हणजे २०१२ मध्ये जी तांत्रिक अडचण सांगितली गेली, तिला दुसरं उत्तरही निघू शकत होतं. अर्थात तोवर इंटरनेटचा वेग वाढला होता आणि बहुतेक नव्या कन्सोलमध्ये हार्ड डिस्क आली होती, हेही खरं.

हा प्रश्न फक्त गेमचा नाही

२०१० मध्ये इंटेलने ५० डॉलरचं एक कार्ड विकून पाहिलं. त्यावरचा कोड टाकला की तुमच्याच संगणकातल्या प्रोसेसरची दाबून ठेवलेली क्षमता मोकळी व्हायची. टीका झाली आणि ती योजना गुंडाळली गेली. २०१६ मध्ये टेस्लाने ७५ किलोवॅट-अवरची बॅटरी बसवलेली मॉडेल एस गाडी सॉफ्टवेअरने ६० वर अडवून कमी किमतीत विकली, वरची क्षमता हवी तर जादा पैसे. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा कंपनीने अशा गाड्यांची अडवलेली क्षमता दूरवरून तात्पुरती खुली केली. लोकांना सुरक्षित ठिकाणी जायला मदत झाली, पण कुलूप कोणाच्या हातात आहे हेही सगळ्यांना दिसलं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीतली सीट गरम करण्यासाठी महिन्याला वर्गणी लावली. सीटमधली तार गाडीत होतीच! पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर छतावरची डीटीएचची छत्री बघा. तिच्यावर सगळ्याच वाहिन्यांचा सिग्नल पडतो, पण दिसतात फक्त पैसे भरलेल्या. यावर कोणी 'सिग्नल माझ्या छतावर पडतोय, मग तो माझाच' असं भांडत नाही. कारण कोणत्या वाहिनीचे किती पैसे, हे आधीच माहीत असतं. कुलूप आपल्याला चालतं. कुलूप लपवलेलं असेल तर मात्र राग येतो.

आता तर चित्र उलटलंय

२०१२ मध्ये डिस्कवर विकत घेतल्यापेक्षा जास्त माल होता, ही तक्रार होती. आता उलटी तक्रार आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी काही गेम 'गेम-की कार्ड'वर मिळतात. त्या कार्डावर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. खोक्यावर तशी सूचना असते, एवढाच दिलासा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, डिजिटल वस्तूसाठी 'खरेदी करा' असं म्हणायचं असेल, तर ग्राहकाला मिळतोय तो फक्त परवाना आहे हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावं लागतं.

पुढचा गेम घेण्याआधी काय पाहाल?

- खोक्यावर किंवा ऑनलाइन दुकानाच्या पानावर 'ॲडिशनल डाउनलोड', 'इंटरनेट आवश्यक' असं लिहिलंय का, ते बघा.
- वेगवेगळ्या आवृत्त्यांचा तक्ता वाचा. साध्या आवृत्तीत नेमकं काय नाही, हे त्यातून कळतं.
- डीएलसीचा आकार बघा. काही केबींची फाइल असेल तर ती किल्ली असण्याची शक्यता आहे. पण मोफत अपडेटमधूनही माल आधीच आलेला असू शकतो, तेव्हा लगेच 'फसवणूक' म्हणून पोस्ट टाकू नका.
- जुनी डिस्क घेत असाल तर आधीच्या मालकाची डीएलसी तुम्हाला मिळेलच असं धरून चालू नका.
- घाई नसेल तर थांबा. सगळी डीएलसी एकत्र असलेली 'कम्प्लीट एडिशन' अनेक गेमची वर्ष-दोन वर्षांनी येते, तीही बऱ्याचदा कमी किमतीत.

डिस्कवर काय आहे हे ठरवायचा हक्क कंपनीचा. पण त्यातलं आपल्याला नेमकं काय मिळणार, हे पैसे देण्याआधी कळण्याचा हक्क ग्राहकाचा. २०१२ मध्ये खेळाडू भांडले ते या दुसऱ्या हक्कासाठी, आणि ते भांडण अजून संपलेलं नाही.